संरक्षण उत्पादन : घोषणेपासून पूर्ततेपर्यंत

बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर १३ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘एरो इंडिया’ प्रदर्शनाचे उद्घाटन करताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी संरक्षण निर्यात दीड अब्ज डॉलरवरून २०२४-२५ पर्यंत पाच अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०१३-१४ मध्ये अवघी ६८६ कोटी रुपये असलेली ही निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांवर पोहोचली. ही वाढ लक्षणीय आहे. तथापि डॉलरच्या हिशेबात ती उद्दिष्टाच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते.

घोषणेतून उद्योगांना धोरणाची दिशा कळते. गुंतवणूक मात्र पक्क्या मागणीवर होते. अशी मागणी फेब्रुवारी २०२१ मध्ये याच प्रदर्शनात निर्माण झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी ८३ ‘तेजस मार्क-१ए’ विमानांचा करार झाला. विमान देशी असले, तरी त्याचे इंजिन अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे. मागविलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये मिळाले आणि मार्च २०२४ पासून अपेक्षित असलेली विमाने रखडण्याचे ते एक प्रमुख कारण ठरले. म्हणूनच इंजिनाचे तंत्रज्ञान आणि सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग या दोन्ही कड्या बळकट झाल्याखेरीज अशी उद्दिष्टे वेळेत गाठणे कठीण आहे.