मातेची अखेरची सेवा

वर्धा शहराला लागूनच सिंदी (मेघे) हें गांव आहे. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय हीं दोन मोठीं रुग्णालयें तेथून थोड्याच अंतरावर. अशा ठिकाणीं वृद्ध आई अंथरुणास खिळली आणि 'आतां औषधापेक्षां सेवाच करा' असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे कुटुंबापुढें बिकट प्रश्न उभा राहतो. रुग्णालय इतकें जवळ असतां तिला घरीं ठेवणें ही हयगय तर नव्हे? शेजारीपाजारी तें विचारतात. मुलाचें मनहि विचारीत राहतें. शेवटच्या दिवसांत शरीराचें काय होतें हें समजून घेतल्यावांचून ह्याचें उत्तर मिळावयाचें नाहीं.

घरच्यांना सर्वांत जाचते ती गोष्ट एकच: आई जेवत नाहीं. जिनें सर्वांना भरविलें तिचेंच ताट तसेंच परत जावें, हें पाहवत नाहीं. मग कोणी पेजेचा चमचा बळेंच तोंडांत घालतो, कोणी सलाइनचा आग्रह धरतो. तोंड आलें आहे काय, पोट साफ होतें काय, हें डॉक्टरांकडून अगोदर पाहून घ्यावें. तसें कांहीं कारण नसेल, तर भूक गेल्यामुळें शरीर संपत नसून शरीराचा व्यवहार आटोपत आल्यामुळें भूक गेली आहे, हें ओळखावें. गिळण्याची शक्ति क्षीण झाल्यावर बळेंच घातलेला घांस श्वासनलिकेंत उतरून न्यूमोनिया होऊं शकतो. शिरेंतून दिलेलें पाणी थकलेल्या देहांत सांचून सूज येते व धाप लागते. म्हणून ती मागेल तेव्हां, टेकून बसवून, दोन चमचे सावकाश द्यावे. तिनें मान फिरविली कीं थांबावें. ओल्या स्वच्छ कापसानें ओठ व जीभ वरचेवर पुसावी. कोरडेपणाचा त्रास बहुधा एवढ्यानेंच शमतो.

दुसरी काळजी कातडीची. एकाच कुशीवर पडून राहिल्यास माकडहाड, टाचा व कंबर येथें रक्त पोंचत नाहीं आणि शय्याव्रण पडतात. दर दोन तासांनीं कूस बदलावी. बदलतांना ओढूं नये, उचलावें. चादर कोरडी व सुरकुत्यांवांचून असावी. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां खोली गार ठेवणें हाहि उपचारच होय.

तिसरी गोष्ट वेदनेची. असह्य दुखण्यावर मॉर्फिन हें परिणामकारक औषध आहे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें दिल्यास त्याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. मात्र त्यानें बद्धकोष्ठ होतो, म्हणून रेचक सोबत लागतें. अशीं औषधें रुग्णांना सुलभ व्हावीं म्हणून २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली.

रोग हटला नाहीं तरी सेवा व्यर्थ जात नाहीं, ह्याचा दाखला सेवाग्रामींच आहे. कुष्ठरोगानें ग्रासलेले संस्कृतज्ञ परचुरेशास्त्री १९३९ च्या सुमारास आश्रमांत आले. त्या काळीं ह्या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. तरी गांधीजी स्वतः त्यांच्या अंगास मालिश करीत.

मात्र ही सेवा एकट्या सुनेच्या वा लेकीच्या अंगावर पडूं नये. रात्रीच्या पाळ्या मुलांनीं व नातवांनींहि वाटून घ्याव्या. थकलेल्या माणसाच्या हातून मायेनें सेवा होत नाहीं. आई शुद्धीवर आहे तोंवरच तिची इच्छा विचारावी. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं अशा पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली. २०२३ सालीं कार्यपद्धति सोपी झाल्यापासून दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तें साक्षांकित करतां येतें.

हाड मोडलें, रक्तस्राव झाला, वेदना वा धाप घरीं आवरेनाशी झाली, तर रुग्णालय अवश्य गांठावें. परंतु हातपाय गार पडणें, श्वास थांबून थांबून चालणें, घशांत घरघर होणें, हीं बहुधा निरोपाचीं लक्षणें होत. त्या वेळीं धांवपळ न करितां तिला कुशीवर वळवावें, हात हातीं घ्यावा आणि हलक्या आवाजांत बोलत राहावें. डोळे मिटले तरी तिला ऐकूं येत असेल. हें सारें ज्या घरीं झालें, त्या घरानें हयगय केली असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.