उपोषण : शरीरक्रियावैज्ञानिक विवेचन

ठराविक काळ अन्न वर्ज्य करण्याला उपवास म्हणतात. एखाद्या सार्वजनिक मागणीसाठी तो जाहीरपणे केल्यास त्याला सामान्यतः उपोषण असे म्हणतात. उपोषणात पाणी बहुधा वर्ज्य नसते. अन्नाचा पुरवठा थांबल्यावर शरीरातील निरनिराळी ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे म्हणजे पेशींचे समूह) व त्यांपासून बनलेली तंत्रे (संस्था) परस्परांच्या साहाय्याने जीवनक्रिया कशा चालू ठेवतात, हे उपोषणाच्या अभ्यासावरून विशेष स्पष्ट होते.

महाराष्ट्रात या विषयाला सार्वजनिक महत्त्व आहे. महात्मा गांधींनी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात २१ दिवसांचे उपोषण केले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे यांनी डिसेंबर २०१३ मध्ये आणि पुन्हा ३० जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०१९ या काळात उपोषणे केली. दिल्लीतील त्यांचे ऑगस्ट २०११ मधील उपोषण सु. १२ दिवस चालले होते.

ऊतकांचे परस्परावलंबन : प्राण्यांच्या ऊतकांचे अभिस्तर (अस्तरासारखे), संयोजी (जोडणारे व आधार देणारे), स्नायू व तंत्रिका (मज्जा) असे चार मुख्य प्रकार आहेत. वसा (चरबी) व रक्त यांचा समावेश संयोजी ऊतकांत होतो. या सर्वांची इंधनाची गरज सारखी नसते. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सु. २% असले, तरी विश्रांत अवस्थेत एकूण ऊर्जेपैकी सु. २०% ऊर्जा तो वापरतो. एरवी त्याला दररोज सु. १०० ते १२० ग्रॅ. ग्लुकोज लागते. रक्तातील तांबड्या कोशिका तर केवळ ग्लुकोजवरच अवलंबून असतात. त्यामुळे रक्तातील ग्लुकोजाची पातळी टिकवून ठेवणे हे उपोषणकाळात शरीराचे पहिले काम ठरते.

बदलांचा क्रम : अन्न थांबल्यावर अग्निपिंडातून स्रवणाऱ्या इन्शुलिनाचे प्रमाण घटते व ग्लुकागॉनाचे वाढते. या संदेशानुसार यकृत आपल्या साठ्यातील ग्लायकोजेनापासून ग्लुकोज तयार करून रक्तात सोडते. हा साठा सु. १०० ग्रॅ. एवढाच असल्याने सु. एका दिवसात तो बहुतेक संपतो. स्नायूंतील ग्लायकोजेनाचा साठा याच्या कितीतरी पट असतो; परंतु त्यापासून मुक्त ग्लुकोज बनविणारे एंझाइम स्नायूंत नसल्यामुळे तो रक्ताला थेट मिळत नाही.

यानंतर स्नायूंतील प्रथिनांचे विघटन होऊन सुटणारी ॲमिनो अम्ले रुधिराभिसरणाद्वारे यकृताकडे जातात व तेथे त्यांच्यापासून ग्लुकोज बनते. हाच क्रम पुढे चालू राहिला, तर हृदयाच्या व श्वसनाच्या स्नायूंचा थोड्याच काळात घातक ऱ्हास होईल. तो टाळला जातो, याचे कारण वसा ऊतकातून सुटलेल्या वसाम्लांपासून यकृत कीटोन पिंड तयार करते व मेंदू त्यांचा इंधन म्हणून वापर करू लागतो. दीर्घ उपोषणात मेंदूची निम्म्याहून अधिक गरज कीटोन पिंडांनी भागते, असे अमेरिकेत जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले. परिणामी स्नायूंच्या प्रथिनांचा व्यय बराच कमी होतो. वसा ऊतक, यकृत, रक्त व मेंदू यांच्या सहकार्याने स्नायूंचे असे रक्षण होते.

इतर तंत्रेही यात सहभागी असतात. वृक्के (मूत्रपिंडे) कीटोन पिंडांमुळे वाढलेली अम्लता अमोनियाच्या उत्सर्जनाने आटोक्यात ठेवतात. शिवाय दीर्घ उपोषणात ग्लुकोजाच्या निर्मितीचा मोठा वाटा उचलतात. ॲसिटोन हा कीटोन पिंड श्वासावाटे बाहेर पडत असल्याने श्वासाला विशिष्ट वास येतो. अवटू ग्रंथीच्या सक्रिय हॉर्मोनाचे प्रमाण घटून चयापचय मंदावतो. नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो व थंडी अधिक जाणवते. आतड्याचे अभिस्तर ऊतक वेगाने नवे होत राहणारे असल्याने अन्नाअभावी ते पातळ होते.

मर्यादा व धोके : हे सहकार्य साठे असेपर्यंतच टिकते. वसेचा साठा संपत आला की, प्रथिनांचे विघटन पुन्हा वाढते आणि हृदय, श्वसनस्नायू व प्रतिकारक्षमता दुर्बल होतात. जतींद्रनाथ दास यांचा लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी मृत्यू झाला. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ साली १० कैदी ४६ ते ७३ दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावले. पाणीही वर्ज्य केल्यास काही दिवसांतच प्राणावर बेतते. मधुमेही, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना अल्पकाळाचे उपोषणही धोक्याचे ठरू शकते.

उपोषण सोडणे : उपोषणाची समाप्ती हा धोक्याचा शेवट असतोच असे नाही. दीर्घ उपोषणानंतर एकदम भरपेट अन्न, विशेषतः पिष्टमय व गोड पदार्थ, घेतल्यास इन्शुलिनाचे प्रमाण झपाट्याने वाढते. त्याच्या प्रभावाने फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही रक्तातून कोशिकांत शिरतात आणि रक्तातील त्यांची पातळी धोकादायकरीत्या घसरते. ब१ जीवनसत्त्वाची गरजही एकाएकी वाढते. हृदयाची लय बिघडणे, श्वसनस्नायू दुर्बल होणे, झटके येणे असे परिणाम त्यातून संभवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मुक्त झालेल्या उपासमारग्रस्त कैद्यांपैकी काहींना पोटभर अन्न मिळू लागल्यावरच असे विकार जडल्याचे आढळले. म्हणून दीर्घ उपोषण अल्प आहाराने, हळूहळू प्रमाण वाढवीत व रक्ताची तपासणी करीत वैद्यकीय देखरेखीखाली सोडावे लागते. हजारे यांनी २८ ऑगस्ट २०११ रोजी उपोषण नारळाचे पाणी व मध घेऊन सोडले व त्यानंतर ते रुग्णालयात दाखल झाले. थोड्याशा द्रव आहाराने सुरुवात करण्याची ही पद्धत शरीरक्रियाविज्ञानाशी सुसंगत आहे. कारण उपासाला सरावलेली तंत्रे पूर्वस्थितीला येण्यास अवधी लागतो.