दमडीचे मोल

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याशी वऱ्हाडचे जुने नाते आहे. १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेने त्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबिबीने स्वतः उभे राहून रातोरात खिंडार बुजवून घेतले. किल्ला वाचला, पण तहात वऱ्हाड अकबराला द्यावे लागले. आपला अमडापूर-मेहकरचा मुलूख त्यातच मोगलांकडे गेला.

हुसेन निजामशहाने १५५९ च्या सुमारास मातीच्या कोटाच्या जागी बांधलेला हा दगडी तट पुढे ज्याच्या हाती आला, त्याने तो आपल्या गरजेप्रमाणे वापरला. शिंद्यांनी नाना फडणवीसांना इथेच कैदेत ठेवले. १२ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीने किल्ला घेतला आणि पुढे इंग्रजांची छावणी इथे झाली. बोअर युद्धातले कैदी इथे आले, पहिल्या महायुद्धात जर्मन आले.

शहराबाहेरच्या डोंगरावर निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची तीन मजली, अष्टकोनी कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात.  

१९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते किल्ल्यात बंदिवान झाले. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ मधली पत्रे लिहिली. चहाची, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांची. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या बेगम जुलेखा कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना याच भिंतींच्या आत होते. शेवटची भेट झाली नाही. नेत्यांच्या खोल्या आज जतन केल्या आहेत. किल्ला भारतीय लष्कराच्या ताब्यात आहे.

किल्ल्याच्या पूर्वेला थोड्या अंतरावर एक लहानशी, कोरीव दगडी मशीद आहे. १५६७ मध्ये साहिरखान या निजामशाही सरदाराने ती बांधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढून तिला हातभार लावला, असे परंपरा सांगते. म्हणून ती दमडी मशीद. दमडी म्हणजे पैशाचाही लहानसा तुकडा.

रमजानमध्ये घरोघर जकात आणि फितऱ्याचा हिशेब चालतो. हात आखडलेल्याला वाटते, आपल्या एवढ्याशा रकमेने काय होणार? त्याने ही मशीद आठवावी. ज्या हातांनी तटाचे धोंडे चढवले, त्याच हातांनी ती दमडी दिली. तटाला धनी पुष्कळ झाले, निजामशहापासून इंग्रजापर्यंत. मशिदीचे नाव मात्र साडेचारशे वर्षे त्या दमडीचेच राहिले आहे.