अहवाल नामंजूर झाला, आता पुढे काय?

जव्हार-मोखाड्याच्या तरुण मुलामुलींच्या मोबाइलवर अलीकडे एक नवे काम येऊ लागले आहे. एखाद्या पेट्रोल पंपावर, बँकेच्या शाखेत किंवा मोबाइलच्या दुकानात साधे गिऱ्हाईक म्हणून जायचे, तिथे काय घडले ते नीट पाहायचे, बिल घ्यायचे आणि घरी येऊन अहवाल भरून पाठवायचा. यालाच मिस्टरी शॉपिंग म्हणतात. मराठीत त्याला गुप्त ग्राहकाचे काम म्हणू या. काम छोटे आणि मेहनताना थोडा, पण शिकता शिकता हातखर्च सुटतो म्हणून मुले ते घेतात.

अडचण पुढे येते. चार-आठ दिवसांनी निरोप येतो : तुमचा अहवाल नामंजूर. मेहनताना नाही आणि खिशातून केलेला खर्चही नाही. निरोप इंग्रजीत आणि दोन ओळींचा असतो. तो वाचून घेण्यासाठी आमच्याकडे आमचे जुने विद्यार्थी येतात. कोणाचे दोनशे रुपये अडकलेले असतात, कोणाचे सातशे. शहरात ही रक्कम किरकोळ वाटेल. ज्या घरात तेवढ्यात आठवड्याचे रेशन-भाजी भागते, तिथे ती किरकोळ नाही.

हे काम आले कोठून?

मोठ्या कंपनीच्या शेकडो शाखा असतात. मालक प्रत्येक ठिकाणी जाऊ शकत नाही आणि साहेब येणार हे कळले की सगळेच नीट वागतात. म्हणून अनोळखी गिऱ्हाईक पाठवून पाहणी करायची पद्धत पडली. तिचा उपयोग फक्त दुकानांसाठी होतो असेही नाही. २०१४-१५ साली मुंबई आणि पाटणा येथे संशोधकांनी प्रशिक्षण दिलेल्या माणसांना क्षयरोगाच्या रुग्णाचे सोंग देऊन खासगी डॉक्टरांकडे पाठवले. अडीच हजारांहून अधिक भेटी झाल्या. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश भेटींतच रुग्णाला योग्य मार्ग दाखवला गेला होता. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या राज्यात गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनावट गिऱ्हाईक पाठवूनच कितीतरी सोनोग्राफी केंद्रांचे पितळ उघडे पाडले. म्हणजे काम प्रामाणिकपणे झाले तर त्यात लोकांचे भले आहे.

ही हेरगिरी तर नव्हे?

हा प्रश्न आमच्या घरांतून हमखास विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांच्या उणिवा शोधत फिरण्याची स्पष्ट मनाई आहे. पण बाजाराची तपासणी ही वेगळी गोष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पाहिला, आतले धान्य ओले निघाले आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला, ही हदीस आपल्याला माहीत आहे. हजरत उमर (रजि.) रात्री वेष न दाखवता मदीनेत फिरत आणि दुधात पाणी घालायला नकार देणाऱ्या मुलीचे बोलणे त्यांच्या कानी पडले, ही हकीकतही घराघरांत सांगितली जाते. पुढे मुस्लिम शहरांमध्ये वजनमापे आणि भेसळ तपासायला मुहतसिब नेमले जाऊ लागले.

यातून आम्हाला सीमारेषा दिसते ती अशी. दुकान सर्वांसाठी उघडे आहे, मालकाने स्वतःच पाहणी मागितली आहे आणि पाहायचे आहे ते फक्त दुकानातले काम, तर ती तपासणी झाली. नोकराच्या घरच्या गोष्टी काढणे, चोरून त्याचे खासगी बोलणे टिपणे, त्याला मुद्दाम चिडवून मग त्याच्याविरुद्ध लिहिणे हे तपासणीत बसत नाही. तुमच्या एका ओळीने कोणाची नोकरी जाऊ शकते, ही जाणीव ठेवूनच लेखणी उचलावी. ज्याला मनात शंका वाटते त्याने आपल्या भागातील जाणत्या आलिमांना कामाचे स्वरूप नीट सांगून विचारावे.

अहवाल नामंजूर का होतो?

आमच्यासमोर आलेले निरोप वाचले तर कारणे पुन्हा पुन्हा तीच दिसतात.

पहिले कारण वेळेचे. काम देताना 'सकाळी ११ ते १' अशी वेळ ठरलेली असते आणि बिलावर १.२० छापलेले असते. आपल्याकडे हे सहज घडते. मोखाड्याहून नाशिकला जायचे तर त्र्यंबकेश्वरचा घाटरस्ता, जव्हारहून पालघरला जायचे तर विक्रमगड-मनोरची वाट. पावसाळ्यात एसटी अर्धा-पाऊण तास मागे पडणे नित्याचे. म्हणून वेळेच्या कामाला एक गाडी आधीची धरावी. ते जमणार नसेल तर काम घेऊच नये.

दुसरे कारण पुराव्याचे. बिल हरवते, फोटो धूसर येतो किंवा फोटोवर ठिकाणाची नोंद नसते. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रेंज नाही म्हणून फोटोवर ठिकाण आले नाही, असे मुले सांगतात. मोबाइल ठिकाण शोधतो तो उपग्रहांवरून, त्याला मोबाइलची रेंज लागतेच असे नाही. रेंज लागते ती फोटो पाठवायला. रेंज नसताना उपग्रह सापडायला वेळ लागतो, एवढेच. तेव्हा लोकेशन चालू करून मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटे थांबावे आणि मग फोटो घ्यावा. तो नंतर रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. बिलाचा फोटो दुकानातून बाहेर पडताच काढावा, कारण मशिनच्या गुळगुळीत कागदावरची छपाई उन्हाने आणि घामाने लवकर पुसट होते.

तिसरे कारण लिखाणाचे, आणि सर्वांत जास्त नकार इथेच येतात. 'कर्मचाऱ्याने अभिवादन केले का?' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण आणि खाली लिहिलेल्या मजकुरात 'हसून स्वागत झाले'. तपासणाऱ्याला यातले काय खरे मानायचे ते कळत नाही. किंवा पाहिलेले लिहिण्याऐवजी मत लिहिले जाते. 'सेवा वाईट होती' हे मत झाले. 'मी काउंटरवर सात मिनिटे उभा होतो, दोन कर्मचारी आपसात बोलत होते, कोणी विचारले नाही' ही नोंद झाली. वर्गात आम्ही उत्तरपत्रिका तपासतो तेव्हाही गुण जातात ते याच ठिकाणी. मुलाला उत्तर येत असते, पण प्रश्नाला धरून लिहिलेले नसते.

बाकी कारणे थोडक्यात : एकाच गावातल्या दोन शाखांपैकी चुकीच्या शाखेत जाणे, सांगितलेली वस्तू न घेता दुसरीच घेणे, मुदत संपल्यावर अहवाल पाठवणे, जुन्या अहवालातला मजकूर उचलून नव्यात टाकणे, आणि 'मी तपासणीला आलोय' हे दुकानात सांगून बसणे.

नकार आल्यावर काय करावे?

सर्वप्रथम निरोप शेवटपर्यंत वाचा. 'दुरुस्तीसाठी परत' आणि 'रद्द' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात काम अजून जिवंत असते आणि दुरुस्तीसाठी काही तास किंवा एखादा दिवस मिळतो. इंग्रजी समजले नाही म्हणून चार दिवस गप्प बसलात तर 'दुरुस्ती'चे 'रद्द' होते.

दुसरे, कामाची मूळ सूचना काढून ती आपल्या अहवालाशेजारी ठेवा. त्यांनी मागितलेली कोणती गोष्ट आपण दिली नाही ते कागदावर लिहा. चूक आपलीच निघाली तर ती मान्य करून पुढच्या कामाकडे वळावे. नाही निघाली तर लेखी उत्तर द्यावे. फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही, लिहिलेले मात्र राहते. उत्तर असे लिहिता येईल :

"अमुक क्रमांकाचे काम मी अमुक तारखेला केले. नकाराचे कारण 'ठिकाणाची नोंद नाही' असे दिले आहे. सोबत मूळ फोटो पुन्हा पाठवत आहे, त्यावर ठिकाण व वेळ दिसते. बिलावरील वेळ १२.१० असून ती ठरलेल्या वेळेत आहे. कृपया अहवाल पुन्हा तपासावा. मंजूर होत नसल्यास कोणती अट मोडली ते कळवावे आणि खरेदीचा खर्च तरी परत मिळावा, ही विनंती."

यात राग, टोमणा, गयावया काही नाही. तारीख, क्रमांक, पुरावा आणि मागणी एवढेच आहे. आठ दिवसांत उत्तर नाही आले तर त्याच पत्राची आठवण एकदा पाठवावी. त्यानंतरही मौन असेल तर त्या कंपनीचे काम थांबवावे. ग्राहक आयोग हा विकत घेणाऱ्यासाठी आहे. इथे आपण काम विकणारे असतो. दिवाणी दाव्याचा मार्ग कायद्याने आहे, पण पाचशे रुपयांसाठी तो कोणाला परवडणार? म्हणून खरे संरक्षण काम घेण्यापूर्वीच करायचे असते.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. मोबाइलवरच्या अ‍ॅपने बिलाची वेळ बदलणे, दुसऱ्याचे बिल लावणे, न गेलेल्या दुकानाचा अहवाल घरात बसून लिहिणे. कागदात अशी फेरफार हा कायद्याने गुन्हा आहे आणि अशा कमाईत हलाल काय उरते हे वेगळे सांगायला नको. साक्ष ही अमानत आहे, मग ती कोर्टात दिलेली असो वा पेट्रोल पंपाविषयी लिहिलेली.

काम देणाऱ्याचेही काही देणे लागते

सारा उपदेश मुलांनाच करून थांबणे इन्साफाचे होणार नाही. सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, असा कडक इशाराही हदीसमध्ये आहे. एखादी कंपनी अहवाल 'नामंजूर' म्हणते, कारण सांगत नाही आणि तोच अहवाल आपल्या गिऱ्हाइकाला देऊन पैसे घेते, तर हे सूरह मुतफ्फिफीनमध्ये निषेध केलेल्या मापाचेच नवे रूप होय : घेताना भरून आणि देताना कमी.

आमच्या डोंगरातल्या माणसांना हे दुःख नवे नाही. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरची हजेरी देशभर सक्तीची झाली. दिवसातून दोन वेळा फोटो. जिथे रेंजच धड नाही तिथे दिवसभर खोदाई करूनही फोटो चढला नाही तर हजेरीचा घोळ होतो. पण त्या मजुरासाठी निदान कायदा होता. मजुरी पंधरा दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर भरपाई, अशी त्यात तरतूद होती. गुप्त ग्राहकाच्या बाजूने असे पाठबळ दिसत नाही. त्याच्या हाती आहे ते फक्त आधी मान्य केलेल्या अटींचे पान. म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट काम स्वीकारतानाच काढून ठेवावा, कारण काम संपल्यावर पुष्कळदा ते पान दिसेनासे होते.

नकाराच्या नावाने लूट

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. खरी कंपनी काम देण्यासाठी तुमच्याकडून पैसे घेत नाही. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, अनामत असे शब्द आले की तिथून उठावे. दुसरा प्रकार टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा. आधी दोन-तीन छोटी कामे देऊन दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात टाकतात, विश्वास बसतो, मग मोठ्या कामासाठी पैसे भरायला लावतात. शेवटी सांगतात, तुमचे काम नामंजूर झाले, खाते गोठले, सोडवायचे तर आणखी भरा. तिसरा प्रकार घरबसल्या टायपिंगचा. अचूकता कमी भरली म्हणून दंड मागतात आणि वकिलाच्या किंवा कोर्टाच्या नावाचा कागद पाठवून धमकावतात. अब्रूला भिऊन घरे दागिने मोडतात.

पालकांनी हे पक्के लक्षात ठेवावे : कोर्ट कोणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआय नंबरवर दंड मागत नाही. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. मुलीने ही गोष्ट घरात सांगितली तर तिला रागावू नका. रागाच्या भीतीनेच मुले लपवतात आणि फसवणूक वाढत जाते.

घरात मांडायचा हिशेब

काम घ्यायचे की नाही ते बेरीज-वजाबाकी करूनच ठरवावे. समजा, नाशिकच्या एका भेटीचा मेहनताना ३०० रुपये आहे आणि खाण्याचे बिल परत मिळणार आहे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पुरुषाला पूर्ण. मुलीसोबत भाऊ जाणार असेल तर त्याचे तिकीट आणि दिवसाची बुडालेली मजुरी धरा. मग हाती काय राहते? अहवाल फेटाळला गेला तर घरचे किती गेले? बुडाले तरी घराला झळ लागणार नाही एवढीच रक्कम अशा कामात गुंतवावी. नुसत्या ३०० रुपयांसाठी नाशिकला जाऊ नये. दवाखाना, कॉलेजचा अर्ज, बाजार अशा कारणाने जाणे होतच असेल तर त्या दिवसाचे काम घ्यावे. जव्हारमध्येच बँक किंवा पंपाचे काम मिळाले तर ते सर्वांत बरे, मात्र छोट्या गावात आपला चेहरा सगळे ओळखतात, तेव्हा ओळखीच्या ठिकाणचे काम नाकारणे हेच प्रामाणिकपणाचे.

एक वही ठेवा. तारीख, कामाचा क्रमांक, खर्च, अहवाल पाठवल्याची वेळ, मंजूर की नामंजूर, कारण. दहा कामांनंतर ती वहीच सांगेल की आपण कुठे कमी पडतो आणि कोणती कंपनी देताना हात आखडते. पाहिले तेवढेच लिहिण्याची, वेळ पाळण्याची आणि आपला हक्क शांतपणे लेखी मागण्याची सवय मुलांना लागली तर ती पुढे कोणत्याही नोकरीत उपयोगी पडेल. अल्लाह आपल्या मुलांच्या रिझ्कमध्ये बरकत देवो आणि घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांनाही माप पूर्ण ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.