जुना लॅपटॉप का अडखळतो?

लॅपटॉप तोच, लिनक्सही तेच. मग ग्नोमवर रांगणारं यंत्र एक्सएफसीईवर चालायला कसं लागतं? खिडक्या, मेन्यू, खालची पट्टी हा लिनक्सचा गाभा नव्हे, ते वरून येऊन राहिलेलं बिऱ्हाड, म्हणजे डेस्कटॉप; ग्नोम आणि एक्सएफसीई ही अशीच दोन बिऱ्हाडं. ग्नोमचं बिऱ्हाड मोठं: खिडक्यांची सरकती दृश्यं, मागे फायलींची सूची बनवत बसलेला प्रोग्राम. रॅम भरली की सामान डिस्कवर हलतं, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी संथ. माऊस अडखळतो तो तिथे. १९९६पासूनचं एक्सएफसीई दिसायला जुनाट, पण पसारा आवरता. ४ जीबी रॅमला ते पुरे. २ जीबी असेल तर आणखी हलकं बिऱ्हाड, एलएक्सक्यूटी, घ्या. ब्राउझरचे वीस टॅब उघडलेत, तर मात्र ही दोन्ही बिऱ्हाडं हात टेकतील.