गाडी कच का खाते?

मंडळी, शिरूर आणि दौंड तालुक्यांत आता घरोघर मोटारसायकली झाल्या. कुणी दूध घालायला जातो, कुणी रांजणगावला कारखान्यात कामाला जातो. गाडी रोजची झाली, पण तिचे दुखणे ओळखायला आपण शिकलो नाही. आज तिचे एक दुखणे समजून घेऊ.

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. चौफुल्याहून न्हावऱ्याकडे येत होता. उसाचे दिवस. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. हा बाजूने पुढे निघाला आणि त्याने मूठ पिळली. गाडीने उचल घ्यावी, तर ती भक्क करून दबली. समोरून ट्रक! ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी करून वाट दिली, म्हणून पोरगा वाचला.

हिशेब करून पाहा. मोटारसायकल ताशी ४० किलोमीटर, ट्रक ताशी ६०. दोघांमधले अंतर दर सेकंदाला सुमारे २८ मीटर तुटते. गाडी दोनच सेकंद अडखळली, तरी ५५ मीटर गेले. म्हणून या दुखण्याकडे काणाडोळा करू नये.

हवा आणि पेट्रोल

इंजिनात पेट्रोल एकटे जळत नाही. त्याला हवा लागते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. म्हणजे २०० लिटरचे पिंप ४५ वेळा भरेल इतकी! हे मिश्रण करून देणारे यंत्र म्हणजे कार्बोरेटर.

कार्बोरेटरात पेट्रोलचा एक छोटा हौद असतो. त्यात एक तरंगता गोळा असतो. हौद भरला की तो वर येऊन पेट्रोलची वाट बंद करतो. हौदाच्या वर हवेची नळी असते. ही नळी मध्ये अरुंद असते. तिथून हवा जोराने वाहते आणि हौदातले पेट्रोल ओढून घेते. पेट्रोल ज्या बारीक भोकांतून वर येते, त्यांना जेट म्हणतात.

आता मूठ एकदम पिळली तर काय होते? हवा हलकी. ती लगेच धावते. पेट्रोल जड. ते क्षणभर मागे राहते. एक बैल पुढे झेपावला आणि दुसरा मागे राहिला, तर जू तिरके होते की नाही? तसेच हे. चांगल्या गाडीत हा फरक इतका थोडा असतो, की आपल्याला कळतही नाही. पण पेट्रोलची वाट आधीच चोंदलेली असेल, किंवा हवा जास्त शिरत असेल, तर गाडी कच खाते.

दुखणे कुठे आहे?

पुतण्याने आधी काय केले होते? आवाज भारी यावा म्हणून हवेचा फिल्टर काढून टाकला होता. पुढे गाडी अडखळू लागली. मग एका गॅरेजात प्लग बदलला, मोठा मेन जेट बसवला. पैसे गेले, दुखणे राहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार झाला.

मग आम्ही दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाना हातात घेतला नाही. आधी मुठीवर रंगाच्या खुणा केल्या : पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण. रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून कुठल्या खुणेवर अडखळते ते पाहिले. कारण मुठीच्या प्रत्येक टप्प्याला कार्बोरेटरातला वेगळा भाग काम करतो.

पाव मुठीपर्यंत मुख्य काम छोट्या जेटचे. त्याला पायलट जेट म्हणतात. पावापासून पाऊण मुठीपर्यंत सुईचे. त्यापुढे मेन जेटचे.

गाडी पाव मुठीच्या आतच अडखळत होती. म्हणजे मेन जेटचा दोष नव्हताच!

दुसरी परीक्षा चोकची. इंजिन गरम असताना चोक थोडा ओढला. चोक ओढला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. अडखळणे कमी झाले, तर पेट्रोल कमी पडते आहे. वाढले, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. इथे ते कमी झाले.

प्लगही साक्ष देतो. पांढरा पडला, तर पेट्रोल कमी. काळी कोरडी काजळी धरली, तर जास्त. तपकिरी असला, तर ठीक.

एका वेळी एकच

मिस्त्रीने आधी फिल्टर आणि जुना मेन जेट परत बसवले. थोडा फरक पडला. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर तपासले. त्याला चीर असती, तर तिथून फुकटची हवा आत शिरली असती. रबर ठीक होते. शेवटी पायलट जेट काढून पाहिला. पेट्रोलचा चिकट साका बसून त्याचे भोक बुजले होते. तो धुऊन हवेने फुंकला. गाडी सुतासारखी सरळ झाली.

साका कसा बसला? गाडी पावसाळाभर उभी होती. आता पेट्रोलात इथेनॉल असते. २०२५ साली देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. हे इथेनॉल आपल्या उसापासूनही होते. पण ते ओलावा धरते. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरात पेट्रोलचे प्रमाण किंचित कमी पडते. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल, तर कार्बोरेटरचा हौद रिकामा करून ठेवा.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा नवा नियम आला. त्यानंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. पण आपल्या गावात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत.

एवढे लक्षात ठेवा

१. आधी सोपे पाहा : पेट्रोलचा कॉक, हवेचा फिल्टर, प्लग.
२. मुठीच्या कुठल्या टप्प्यावर अडखळते, ते मिस्त्रीला सांगा.
३. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर गुण कशाने आला, ते कळत नाही.
४. जेटमध्ये तार घालू नका. भोक मोठे होते.
५. पेट्रोलचे काम उघड्यावर करा. जवळ विडी नको, चूल नको.
६. गाडी कच खात असेल, तर दुरुस्त होईपर्यंत कुणालाही ओलांडून पुढे जाऊ नका. दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल. घरी माणसे वाट पाहत असतात.