अर्धवट राहिलेल्या प्रयोगाचें फळ



ज्या रोगाचें नांव चार माणसांत उच्चारावयास आपणांस संकोच वाटतो, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीं आज बोलावयाचें आहे.

या रोगाचें मूळ ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूंत आहे, हें दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या विषाणूचे सोळा व अठरा क्रमांकांचे दोनच प्रकार शेंकडा सुमारें ७० रोगिणींच्या दुखण्यास कारण होतात. लशींत विषाणूचें केवळ बाह्य कवच असतें, आंतलें बीज नसतें. त्यामुळें तिच्यापासून संसर्ग होत नाहीं, शरीरास शत्रूची ओळख मात्र पटते. संसर्ग शरीरसंबंधांतून होतो. म्हणून लस त्यापूर्वींच, ९ ते १४ वर्षांच्या वयांत देणें उत्तम.

आरंभीं तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत द्याव्या लागत. खेडोपाडीं एकाच मुलीस तीनदां गांठणें किती दुर्घट, हें सांगावयास नको. दोन मात्रांनीं भागेल काय, हें पाहण्यासाठीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००९ सालीं भारतांत प्रयोग आरंभिला. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाचें संशोधन केंद्र व बार्शीचें नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय हीं त्यांत सामील होतीं. २०,००० मुलींस लस टोंचण्याचा संकल्प होता.

तोंच आंध्र व गुजराथ येथील एका निराळ्या लसीकरण योजनेंतील सात मुली मृत्यु पावल्याचें कळलें. एप्रिल २०१० मध्यें सरकारनें असें सर्व लसीकरण थांबविलें. ते मृत्यु लशीमुळें झाले नाहींत, असें चौकशींत ठरलें. परंतु पालकांची संमति घेण्यांत त्या योजनेंत गंभीर उणिवा होत्या, हेंही उघड झालें.

प्रयोग मोडला. तोंवर १७,७२९ मुलींस लस मिळाली होती. पैकीं सुमारें पांच हजारांस एकच मात्रा. संशोधकांनीं त्यांची सांथ सोडली नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सोळा-अठराच्या ठाण मांडून बसणाऱ्या संसर्गापासून मिळालेलें रक्षण तीन मात्रांनीं शेंकडा ९३.३, दोहोंनीं ९३.१ व एकीनें ९५.४ भरलें! हा एका मात्रेचा गट चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता, ही शंका रास्त होती. परंतु केनियांत चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगानेंही तेंच दाखविलें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठीं एका मात्रेचा पर्याय मान्य केला.

त्याच वर्षीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लशीस भारतांत परवाना मिळाला. वरील प्रयोगांतील लशी परदेशी होत्या, हा भेद मात्र ध्यानांत असूं द्यावा आणि मात्रा किती, हें डॉक्टरांस विचारावें.

लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवूं नये. कारण विषाणूचे अन्य प्रकारही घातक असतात. आणि मुलीस लस देतांना ती कशासाठीं, हें तिला अवश्य समजावून सांगावें. लशीवरील विश्वास अशा मोकळ्या बोलण्यानेंच टिकतो. अर्धवट राहिलेल्या प्रयोगांतूनही ज्यांच्यामुळें हें ज्ञान हातीं आलें, त्या अनाम मुलींचें ऋण एवढ्यानें तरी अंशतः फिटेल.